तिसरी खीर

"काऊन वं मंदे, आज खीर?" जेवायला बसता बसता ह्यांनी विचारलं.

"अशीच. मन झालं."

"चिन्नोरची?"

"वासावरून समजत नाही का?"

एरवी एवढ्यावर हे गप्प बसणारे नव्हते. भंडाऱ्याहून आणलेला तीन किलो चिन्नोर तांदूळ दोन वर्षं पुरवायचा होता. सण नाही, पाहुणा नाही, आणि बाई मनाला आलं म्हणून मंगळवारी खीर करते म्हणजे काय, यावर निदान एक भाषण व्हायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी एक शब्द नाही. तीन वाट्या खाल्ल्या, आणि दर घासाला माझ्या तोंडाकडे असे पाहत होते, जसे पहिल्यांदा मला बघायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून पाहत होते. मग हात धुतले आणि टेलिफोनजवळच्या कागदांत काहीतरी शोधत बसले. मला वाटलं, खीर आवडली. बायकांना असंच वाटतं.

ही गोष्ट १९९३ सालच्या मे महिन्यातली. कॅनडात, व्हँकूव्हरला लागून असलेल्या बर्नाबीत, आम्ही एका घराच्या तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. आमचे हे, म्हणजे दिवाकर लांजेवार, नदीकाठच्या प्लायवूडच्या कारखान्यात कामाला, आणि मी सात महिन्यांपासून एका प्रयोगशाळेत. कामाचं नाव भारी होतं, पण काम एकच, वाळू निवडायची. काचेच्या बशीत चिमूटभर वाळू पसरायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि ओल्या सुईच्या टोकानं नेमका दाणा उचलायचा.

नोकरी मागायला गेले तेव्हा तिथल्या मुख्य बाईंनी, मिसेस कोवाल यांनी, पुढ्यात बशी ठेवली. यात वीस रंगीत दाणे आहेत, अर्ध्या तासात शोध, म्हणाल्या. मी नऊ मिनिटांत वीसही काढून दिले.

"कुठे शिकलीस हे?"

"आईच्या सुपात," मी म्हटलं. आमच्या तुमसरकडे पोरगी चालायला लागली की तांदूळ निवडायला लागते, हे त्या युक्रेनियन बाईंना सांगायला माझं इंग्रजी पुरलं नसतं.

कोण एवढी वाळू निवडून घेतं? तर हिरे शोधणाऱ्या लहान लहान कंपन्या. खाण नाही, यंत्र नाही. एक नकाशा, भाड्याचं हेलिकॉप्टर आणि बाजारात विकायला काढलेले शेअर, एवढाच प्रपंच. हजारो वर्षांपूर्वी उत्तरेकडे हिमनद्यांनी जमीन किसत नेली. हिरा ज्या दगडातून वर येतो त्या दगडाचेही दाणे त्यांनी वाटेत सांडत नेले. त्यात जांभळी गार्नेटं, म्हणजे एक प्रकारचे खडे, असतात. त्या दाण्यांचा माग उलटा काढत गेलं तर मूळ जागा सापडते, आणि तिथे हिरा असला तर असतो. म्हणून ही माणसं ठिकठिकाणची वाळू पिशव्यांत भरून आमच्याकडे पाठवत. माझ्या सुईला जांभळे दाणे किती लागले यावर तीस सेंटचा शेअर सत्तरला जाई नाही तर सातवर येई.

पहिलं जांभळं गार्नेट सुईवर आलं तो क्षण अजून तसाच डोळ्यापुढे आहे. साध्या डोळ्यांना ती धूळ होती. भिंगाखाली पिकलेल्या जांभळाच्या गराचा रंग, आणि आतून उजेड. ते जमिनीखाली दीडशे किलोमीटरवर तयार झालं होतं आणि आता तुमसरच्या मापाऱ्याच्या पोरीच्या सुईवर बसलं होतं. मी श्वास रोखला, कारण माझ्या श्वासानं ते उडून गेलं असतं. मग बाबा धान मोजताना म्हणायचे तसं पुटपुटले, "लाभ." पहिल्या मापाला मापारी एक म्हणत नाही, लाभ म्हणतो.

बाबांची आठवण अजून एका गोष्टीनं येई. कामावर रुजू होताना मी एका कागदावर सही केली होती. बशीत जे दिसेल ते घरी, दारी, नात्यात, कुठेही बोलणार नाही. बाबा तुमसरच्या बाजारात तीस वर्षं मापारी होते. विकणाऱ्याचा चहा घ्यायचा नाही आणि घेणाऱ्याचाही नाही, हा त्यांचा नेम. उन्हाळ्यातसुद्धा घरून नेलेलं पाणी प्यायचे. म्हणून ती सही मला जड गेली नाही. पिशव्यांवर नुसते आकडे असत, पण त्या हंगामात एकाच कंपनीनं सगळी प्रयोगशाळा राखून ठेवली होती आणि तिचा दाढीवाला मालक स्वतः पिशव्या उतरवून घ्यायला येई, त्यामुळे नाव सगळ्यांना ठाऊक. थ्री लून्स रिसोर्सेस. मी घरी ते नाव कधी काढलं नाही.

आता त्या मंगळवारचं सांगते. दुपारी एका बशीत आठ जांभळी गार्नेटं लागली. नववा दाणा पांढरा. काच असेल म्हणून सुईनं वळवला, आणि माझा हात थांबला. दोन पिरॅमिड पायाशी पाय लावून चिकटवावे तसा आकार. आठ बाजू, आठही आरशासारख्या सपाट. कोणी घासला नव्हता, कोणी पैलू पाडले नव्हते. मिठाच्या कणाहून लहान, आणि खोलीतला सगळा उजेड त्यानं आत ओढून घेतला होता. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. का उभी राहिले ते सांगता येणार नाही. मोठं माणूस खोलीत आलं की आपण उठतो, तसंच काहीसं.

मिसेस कोवालांच्या वहीत मी लिहिलं, आठ आणि एक. घरी आले, हातपाय धुतले आणि चिन्नोरचा डबा काढला. नवा तांदूळ घरात आला की आई पहिल्या मुठीची खीर करून देवापुढे ठेवायची, त्याशिवाय कोणी तोंडात घालायचं नाही. मी काही ठरवून केलं नव्हतं. तोंड बंद ठेवायची सही केली होती, हातांनी सही केली नव्हती.

गुरुवारी सकाळी मिसेस कोवाल माझ्या टेबलामागे येऊन उभ्या राहिल्या आणि तळवा पसरला.

"माझे दाणे दे."

"तुमचे?"

"आठ गार्नेटं, एक हिरा. मी टाकले होते. दर दोन-तीन महिन्यांनी एका नमुन्यात टाकते, निवडणारीचा डोळा शाबूत आहे का पाहायला. नव्या मुलींना पहिले सहा महिने सांगत नाही. सांगितलं तर परीक्षा कसली?" त्या हसल्या. "एकही सोडला नाहीस. शाबास."

"म्हणजे त्या वाळूत—"

"त्या वाळूत काही नाही. हा हिरा आफ्रिकेतल्या एका जुन्या खाणीतला, सतरा वर्षं माझ्याकडे आहे."

मी दाणे दिले. बक्षीस मिळावं आणि खिशाला भोक असावं तसं वाटलं. पण खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं नाही. कुठला का असेना, मी तो पाहिला होता.

रविवारी हे मला त्या घरासमोर घेऊन गेले. गेलं वर्षभर दर रविवारी आम्ही जात होतो. पांढरं, दोन खोल्यांचं, मागे नासपतीचं झाड. पहिल्या हप्त्यासाठी सहा वर्षांत एकवीस हजार डॉलर साठवले होते, अजून चार हजार कमी पडत होते. ह्यांनी रस्त्यावरून पावलं टाकत कुंपणाची लांबी दहादा मोजली होती.

"मंदे, आता पैसे जमवायचे नाही. जमले समज."

"कुठून?"

"थ्री लून्स. बुधवारी बहात्तर सेंटनं शेअर घेतले. सगळ्याचे."

"सगळ्याचे? कोणाच्या सांगण्यावरून?"

"तुह्या."

"मी? मी कधी तोंड उघडलं?"

"तोंड नाही, डबा उघडला." हे इतके खुशीत होते की त्यांना माझं तोंड दिसलंच नाही. "जानेवारीत तू खीर केली. तीन आठवड्यांनी कंपनीनं जाहीर केलं, गार्नेटं सापडली. अठ्ठावीसचा भाव पन्नासवर. मी म्हटलं, योगायोग असन. मार्चात पुन्हा केली. तेव्हा पाचशे डॉलर लावून पाहिले, तुले न सांगता. दीडपट झाले. त्यांच्या पत्रकात छापलंच हाय की वाळू बर्नाबीतल्या लॅबात जाते. म्हणजे तुह्याच हाताखालून. आता तिसरी खीर. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं का!"

मी नासपतीच्या झाडाकडे पाहत राहिले. दोन्ही वेळा खरंच गार्नेटं लागली होती, आणि दोन्ही वेळा मी खीर केली होती. मला स्वतःला ते आठवत नव्हतं. माझ्या नवऱ्यानं तारीखवार लिहून ठेवलं होतं.

"काही बोल ना वं!"

"मी सही केली आहे, अजी," मी म्हटलं. "मी काही बोलणार नाही. आजही नाही, उद्याही नाही."

ह्यांनी डोळे मिचकावले. "नकोच बोलू. तू फक्त रांध."

तिथून पुढे माझी खरी परीक्षा सुरू झाली. काय रांधू? गोड केलं तर हे अजून कर्ज काढून शेअर घेतील. कडू, तिखट, करपलेलं, काही वेगळं झालं तर विकतील. हे विकतील ते कोणीतरी घेणारच. मी सांगून विकले काय, न सांगता विकले काय, बाबांच्या भाषेत चहा तो चहाच. मग मी ठरवलं, काहीच कळू द्यायचं नाही.

सोमवारी वरण-भात केला. मंगळवारी वरण-भात. बुधवारीही. तीच तूरडाळ, तेवढीच हळद, लिंबाची एक फोड उजवीकडे. ताट वाढताना हसायचं नाही, उसासा टाकायचा नाही. कामावर त्या खेपेच्या चाळीस पिशव्या होत्या, त्यातली एकेक पिशवी बशीत येत होती आणि रिकामी निघत होती. जांभळ्या दाण्यांचा माग तुटला होता. रोज आठ तास मी नुसती राखाडी वाळू पाहायची आणि घरी येऊन कुकर लावायची.

"आज पण वरण-भात?" सातव्या दिवशी ह्यांनी विचारलं.

"हो."

"वाढदिवस हाय माहा."

"माहीत आहे. औक्षण केलं ना सकाळी?"

हे मुकाट्यानं जेवले. त्या ताटाकडे पाहून मला जेवढं रडू आलं तेवढं माहेर सोडताना आलं नव्हतं. पण रडणंसुद्धा वाचलं असतं ह्यांनी, म्हणून मी नळ सोडून भांडी घासत बसले.

दहाव्या दिवशी मी ढळले. कामावरून येताना भारतीय दुकानात गेले आणि कारली दिसली. अर्धा किलो घेतली. घरी येऊन एक पाटावर ठेवलं, हातात सुरी. ह्यांना कारलं आवडत नाही, मी घरी कधी आणत नाही. आज ताटात कारलं पडलं की ह्यांना सगळं समजणार होतं. सकाळी दलालाला फोन झाला असता, घर वाचलं असतं, आणि मी कोणाशी एक शब्द बोलले नसते. कोणत्याही कोर्टात मी खरी ठरले असते. फक्त तुमसरच्या बाजारातला एक म्हातारा, जो जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, घरून नेलेल्या पाण्याची बाटली हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला असता.

मी कारली फ्रिजमध्ये सगळ्यात मागे सारली आणि कुकर लावला.

"मंदे," त्या दिवशी जेवताना हे म्हणाले. खुशी कधीच उतरली होती. "भाव पासष्टवर आला. लोक विकून रायले. एकदा डोकं हलव. ठेवू का विकू?"

मी भात कालवत राहिले.

"नवऱ्यापुढे कसली वं सही? मी का परका हाय?"

तुम्ही विकाल ते ज्याच्या गळ्यात पडतील त्याच्या बायकोनं काय करायचं, हे ओठावर आलं होतं. गिळलं. त्या वाक्यातच उत्तर होतं.

"वरण वाढू?" मी विचारलं.

अठराव्या दिवशी कंपनीनं जाहीर केलं, वाळूत काही सापडलं नाही. भाव दुपारपर्यंत नऊ सेंट. हे कारखान्यातून आले, बूट न काढता खुर्चीत बसले. मग पाणी घ्यायला फ्रिज उघडला, बाटली मागे गेली होती म्हणून हात घातला, आणि हातात पिशवी आली. कारली पिवळी पडून फुटली होती, आतल्या बिया लाल झाल्या होत्या.

ह्यांनी ती पिशवी टेबलावर ठेवली. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तुले माहीत होतं."

"होतं."

"कधीपासून?"

"तुम्ही शेअर घेतल्यावर दुसऱ्या दिवसापासून."

"मंग खीर काऊन केली होती?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. आता सांगायला हरकत नव्हती, सगळं जाहीर झालं होतं. आठ गार्नेटं, तो दाणा, मिसेस कोवालांचा पसरलेला तळवा. मला वाटलं, आता ती पिशवी भिंतीवर जाणार. हे बोटांवर मोजत होते.

"अठरा दिवस," शेवटी म्हणाले. "माह्या वाढदिवसाले पण. बाप्पा! मी वाचत होतो तुले, अन् तू कोरी वही होऊन बसली." आणि डोक्याला हात लावून हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. मीही रडले. घर गेलं होतं, त्याला रडायला नको का?

पुढच्या सोमवारी हे कामावर निघताना दारातून वळले.

"मंदे, तो दाणा मले दिसन का? ज्याच्यापायी हे झालं तो?"

मी मिसेस कोवालांना सगळं सांगितलं, खिरीपासून कारल्यापर्यंत. नोकरी जाईल असं धरूनच सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तो माझा दाणा आहे. कोणत्याही कंपनीचा नाही, त्यात गुपित काही नाही," म्हणाल्या. "शनिवारी घेऊन ये नवऱ्याला. आणि हे बघ, यापुढे स्वयंपाक रोज वेगळा करत जा. रोज वेगळं असलं की कोणाला काही वाचता येत नाही."

शनिवारी हे आले. धुतलेला शर्ट, पायात कारखान्याचे जाड बूट. मिसेस कोवालांनी छोट्या कुपीतून दाणा बशीत टाकला. ह्यांनी आधी साध्या डोळ्यांनी पाहिलं.

"कुठे हाय? काहीच तर नाही."

"भिंगातून पाहा."

हे वाकले. मी सुईनं दाणा हळूच वळवला, आठ बाजूंवर उजेड एकामागून एक फिरला. ह्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

"किती जुना आहे ते सांग त्यांना," मिसेस कोवाल म्हणाल्या. "तीनशे कोटी वर्षं, कदाचित जास्त. तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, पाण्यात मासा नव्हता. दीडशे किलोमीटर खाली हा असाच बसून होता. मग एक दिवस दगडाचा रस फुटून वर आला आणि काही तासांत याला घेऊन आला."

मी मराठीत सांगितलं. ह्यांनी मान वर केली नाही. "बहात्तर सेंट," एवढंच पुटपुटले, स्वतःशी.

मग हे सरळ झाले. खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढून भिंतीशी नीट जोडीनं ठेवले, आणि मोज्यांनिशी येऊन पुन्हा भिंगापाशी वाकले.

"काय झालं? पाय दुखतात का?" मिसेस कोवालांनी मला हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. आणि ह्यांच्यासाठी दाणा पुन्हा वळवला.

परतताना बसमध्ये हे खिडकीबाहेर पाहत होते. त्या पांढऱ्या घराचा रस्ता मागे गेला तरी मान वळवली नाही.

"चिन्नोर उरला का थोडा?"

"एक मूठ असेल."

"कर मंग खीर."

त्या संध्याकाळी मी खीर केली. ह्यांनी पहिली वाटी देवापुढे ठेवली, दुसरी मला दिली, आणि भांड्याला लागलेली स्वतः खरवडून खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी कोणालाही फोन केला नाही.